पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर (बांधावर) हिरवी काटेरी अळी, हात लागला की आग आग होते. हेच का ते घोणस?

दारव्ह्याचा_कास्तकार
राम राम मंडळी, कोणाले माहीत असन तं लवकर सांगा. आमच्या वावराच्या धुऱ्यावर एरंडीची रांग हाय, पऱ्हाटीच्या कडेनं लावतो आम्ही दरवर्षी, अन दोन आंब्याचे झाडं. पोळा झाला तेव्हापासून एरंडीच्या पानाची पार जाळी होऊन राहिली. काल आई निंदाले गेली होती, फांदी बाजूले सारताना मनगटाच्या वर काहीतरी लागलं अन एकदम वरडली, म्हणे इचू चावला. जाऊन पाहतो तं इचू-बिचू काही नाही, पानाच्या खालून चिकटून बसलेली हिरवी अळी. इंचभर असन. पाठीवर निळी पट्टी, दोन्ही बाजूनं काट्याचे झुबके, पुढचे अन मागचे झुबके लालसर. डोकं कुठं हाय तेच समजत नाही, पायही दिसत नाही, नुसती सरकते.
आईचा हात लाल झाला, गांधी उठल्या, रात्रभर ठणकत होता. आज ठणका कमी हाय पण खाज सुरू हाय.
आता अडचण अशी की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला की ही घोणस अळी हाय, चावली की दोन घंट्यात माणूस जाते. निंदणाच्या बाया म्हणते आम्ही तुमच्या वावरात येत नाही. अन कृषी केंद्रवाल्यानं दोन औषधं सोबत मिसळून मारा म्हणून सांगितलं, सगळ्या वावरात, पऱ्हाटीवर पण. पऱ्हाटीवर तं मले एकही दिसली नाही अजून. मारू का नको? अन आईले दवाखान्यात न्यायची गरज हाय का?

उमरखेड_बॉय
भौ तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर पण आला. मी तं म्हणतो रिस्क घेऊ नका, आधी दवाखाना अन मग पूर्ण वावर झोडपून काढा, एक पण जिवंत ठेवू नका. जीव गेल्यावर पऱ्हाटी काय चाटायची का

पीएचसीवाली_ताई
दादा, आधी आईबद्दल सांगते. काल लागलं, रात्री ठणकलं, आज ठणका उतरून खाज राहिली, म्हणजे जसं व्हायला पाहिजे तसंच होऊन राहिलं आहे. घाबरू नका. बहुतेकांना काही तासांत ते एक-दोन दिवसांत उतरते, खाज थोडी जास्त दिवस राहू शकते. खाज सहनच होत नसेल तर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा, डॉक्टर ॲलर्जीची गोळी अन लावायला मलम देतात. मेडिकलमधून मनानं कोणतीही ट्यूब आणून चोपडू नका.
ही अळी चावत नाही. तिचे जे काटे आहेत ते आतून पोकळ असतात अन त्यांच्या बुडाशी विषाची ग्रंथी असते. आपला हात घासला की काट्याचं टोक कातडीत मोडते अन ते विष आत उतरते. म्हणून लागल्या-लागल्या पहिलं काम म्हणजे हात चोळायचा नाही. चोळला की जे काटे वरवर अडकले आहेत ते पण आत जातात. आपल्याकडं लगेच चुना, तंबाखू, शेण, रॉकेल जे हाती येईल ते घासतात, ते तर मुळीच नको. साधी चिकटपट्टी घ्यायची, वही-पुस्तकाला लावतो ती चालते, लागलेल्या जागी अलगद दाबून लावायची अन झटकन ओढून काढायची. परत नवीन तुकडा, परत तसंच. पट्टी उजेडात धरून पाहा, बारीक बारीक काड्या चिकटलेल्या दिसतात कधी कधी. मग साबणानं अन वाहत्या पाण्यानं धुवायचं, पुसताना घासायचं नाही. नंतर बर्फ कपड्यात गुंडाळून धरायचा. बर्फ नसला तर माठातल्या पाण्याची पट्टी. खायचा सोडा पाण्यात कालवून लेप लावला तरी बऱ्याच जणांना बरं वाटते.
एक गोष्ट बाया हमखास विसरतात, हाताला लागलं असेल तर बांगड्या अन अंगठी आधी काढा. सूज चढली की मग कापायची वेळ येते.
आता दवाखान्यात कधी पळायचं ते पण सांगते, कारण "काही होत नाही" म्हणून घरी बसणारे पण आहेत. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा चेहरा सुजणं, पूर्ण अंगावर गांधी, वारंवार उलट्या, चक्कर, ह्यातलं काहीही झालं तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. डोळ्यात केस किंवा काटा गेला असेल तर डोळा चोळायचा नाही, भरपूर पाण्यानं धुवायचा अन सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं. दम्याचा पेशंट, लहान लेकरू, किंवा एकाच वेळी बऱ्याच अळ्या अंगावर घासल्या गेल्या असतील तर दाखवून घेतलेलं बरं. हा सगळा त्रास मधमाशी चावल्यावर पण एखाद्याला होतो, तो त्या माणसाच्या ॲलर्जीवर असतो.

दारव्ह्याचा_कास्तकार
ताई लय उपकार झाले. बांगड्या काढल्या नव्हत्या, आत्ताच काढाले लावल्या. चिकटपट्टी आता दुसऱ्या दिवशी लावून फायदा हाय का?

पीएचसीवाली_ताई
आता विशेष नाही. काही अडकलं असेल असं वाटत असेल तर एकदा लावून पाहा, नुकसान काही नाही. पण काल नेसलेलं लुगडं अन वरचा शर्ट वेगळा धुवा, कपड्यात काटे राहतात अन घडी घालणाऱ्याला लागतात.

पाखरू_निरीक्षक
फोटो टाकला असता तर अजून पक्कं सांगता आलं असतं, पण हिरवी, पाठीवर निळी पट्टी, एरंडी अन आंबा, टोकाचे झुबके लालसर, ह्यावरून पॅरासा लेपिडा वाटते. लिमाकोडिडी नावाचं पतंगांचं कुळ आहे, त्यातलं. इंग्रजीत स्लग कॅटरपिलर म्हणतात कारण पोटाखालचे पाय जवळपास नसल्यातच जमा, ती गोगलगाईसारखी चिकटून सरकते. डोकं पुढच्या भागाखाली आत ओढलेलं असते म्हणून तुम्हाला दिसलं नाही. क्रॅमर नावाच्या डच माणसाच्या पुस्तकात हिचं वर्णन अठराव्या शतकातच आलं, म्हणजे काल-परवा परदेशातून आलेली वगैरे काही नाही, आपल्या देशात पहिलेपासूनच आहे. आंबा, एरंडी, डाळिंब, नारळ, गुलाब, देशी बदाम, काय वाट्टेल ते खाते.
"घोणस अळी" हे नाव पेपरात गाजलं ते 2022 च्या पावसाळ्यात, बीड-सोलापूर पट्ट्यात उसावर अन बांधावरच्या गवतावर असल्या काटेरी अळ्या निघाल्या अन काही शेतकऱ्यांना दवाखान्यात जावं लागलं तेव्हा. ह्याच कुळातली. पण नावात घोणस आली की माणसाच्या डोळ्यासमोर साप येतो (आपल्याकडं त्याला परड म्हणतात), अन परड चावली की माणूस दगावतो हे सगळ्यांना माहीत, मग अळीनं पण दगावत असेल असं धरून चालले लोक. सापाचा अन हिचा काही संबंध नाही.
तो दोन घंट्यावाला व्हिडिओ माझ्याकडं पण आला होता. त्यात जी अळी दाखवली ती मुळात आपल्याकडची नाहीच. ती लोनोमिया, दक्षिण अमेरिकेतली, ब्राझीलच्या दक्षिण भागात झाडाच्या खोडावर थव्यानं बसते, तपकिरी, अन तिच्या काट्यांनी खरंच माणसाचं रक्त गोठायचं बंद होते, आतल्या आत रक्तस्राव होऊन किडनी निकामी होते, मेले आहेत लोक तिच्यानं. तिकडं साओ पावलोच्या बुटांटान इन्स्टिट्यूटमध्ये तिच्यावरची लस पण बनवतात, आपल्याकडं सापाची बनते तशी. कोणीतरी त्या अळीचं चित्र अन आपल्या अळीचं नाव एकत्र चिकटवून सोडून दिलं.
अन मजा पाहा, ती लोनोमिया ज्या कुळातली आहे त्याच कुळातला आपला टसर रेशमाचा कोसा. आरमोरी साईडला ऐनाच्या झाडावर पाळतात ना, बोटाएवढ्या हिरव्यागार अळ्या, लोक हातानं उचलून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सोडतात, काही होत नाही. एकाच कुळात एक जीव घेणारी अन एक घर चालवणारी. त्यामुळं अळी दिसली की मारा हे काही बरोबर नाही. तुमच्या एरंडीवर अजून एक काटेरी दिसणारी अळी मिळेल, काळपट-हिरवी, पाठीवर पांढरट पट्टा, अंगावर फांद्या फुटलेले काटे. ती फुलपाखराची आहे, कॉमन कॅस्टर, दिसायला भयंकर पण हात लावला तरी काही करत नाही. फरक सोपा आहे, फुलपाखराच्या अळीचं डोकं अन पाय साफ दिसतात, ती चालते. सरकणारी दिसली की लांब राहा.

उमरखेड_बॉय
लस तं टोचून घ्याची असते ना आधी, अळी लागल्यावर लस कशी

पाखरू_निरीक्षक
तशी लस नाही भौ, साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन, त्याला आपण बोलताना लसच म्हणतो. ताईंना विचारा.

पीएचसीवाली_ताई
हो, प्रतिविष. आपल्याकडच्या अळीसाठी त्याची गरजच नाही. कोणी दवाखान्यात जाऊन सापाचं इंजेक्शन मागू नका, असे पण आले आहेत.

धुऱ्यावरचा_बुढा
मी सांगतो आता फवाऱ्याचं, कारण खरा धोका तिथंच हाय अन त्यावर कोणी बोलून नाही राहिलं. भाऊ तू स्वतः लिहिलं की पऱ्हाटीवर एकही अळी दिसली नाही. मंग पऱ्हाटीवर काहून मारतं बाप्पा? ज्या झाडावर हाय त्या झाडावर पाहावं ना. दुकानदाराचं काय, त्याचे डबे गेले पाहिजे. दोन औषधं एका पंपात मिसळून मारा हे सांगाले त्याच्या बापाचं काय जाते, नाकात तं तुह्याच जाईन.
2017 विसरले का तुम्ही लोकं? यवतमाळ जिल्ह्यातलाच हाय ना तू, दारव्ह्याचा. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा असा की अंगात कपडा नको वाटे, अन लोकायनं वर नोझल करून दोन-दोन तीन-तीन औषधं मिसळून फवारे मारले, तोंडाले दुपट्टा नाही, हातात मोजे नाही. आपल्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली अन शेकड्यानं दवाखान्यात भरती झाले, कित्येकायचे डोळे गेल्यासारखे झाले होते. अळीनं मेलेला माणूस मले कोणी दाखवा आपल्या भागात. फवाऱ्यानं मेलेले दाखवाले गावोगाव फिरा लागत नाही.
तं आता काय करायचं ते. एरंडीची रांग हाय म्हणजे झाडं मोजून असन. सकाळी जा, उजेड पडल्यावर, पानं खालून पाहा. जिथं पानाचा हिरवा भाग खरडून पान कागदावानी पातळ झालं अन पांढरं दिसते तिथं बारीक पिल्लं एका जागी घोळक्यानं बसले असते, लहानपणी ते फुटत नाही, एकाच पानावर राहते. ते पान देठापासून तोडा, हातानं नाही, कैचीनं नाही तं लांब दांड्याच्या विळ्यानं, अन खाली बादली धरा साबनाच्या पान्याची. एका पानासंगं पूर्ण पोरवडा जाते. मोठ्या झाल्या की फुटते सगळ्याइकडं अन मंग एक एक शोधा. मोठीले चिमट्यानं धरून बादलीत टाका, भाकरीचा चिमटा नका नेऊ घरचा, बायको वावरात येईन.
मारायचंच असन तं निंबोळी अर्क मारा एरंडीवर अन आंब्याच्या खालच्या फांद्यावर. पाच किलो निंबोळी कुटून रातभर पान्यात भिजू घाला, सकाळी फडक्यातून गाळा, दोनशे ग्राम कपडे धुवायचा साबन पान्यात विरघळवून त्यात टाका अन सगळं मिळून शंभर लिटर करा. तुह्याले शंभर लिटर लागणार नाही, किलोभर निंबोळीचं वीस लिटर कर, भरपूर होते. ताजं ताजं मारायचं, संध्याकाळच्या टाईमाले, उन्हात त्याचा जोर कमी होते. लहान अळीवर चांगलं काम करते, मोठीवर कमी, म्हणून वेळेवर मारा म्हणतो.
यानंही आटोक्यात नाही आलं तं कृषी सहायकाले विचारा अन एकच औषध, त्याच्या लेबलवर पाहून. डब्यावर जो तिकोनी रंग असते तो पाहाले शिका, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मंग पिवळा, मंग निळा, हिरवा सगळ्यात कमी. धुऱ्यावरच्या चार एरंडीसाठी लाल तिकोनाचा डबा फोडू नका.

उमरखेड_बॉय
बुढा काका बराबर बोलले पण सगळ्यायकडं एवढा टाईम नसते ना, पानं उलटी करून पाहाले. मजूर मिळत नाही

धुऱ्यावरचा_बुढा
चार पंप फवारा माराले टाईम हाय अन रांगभर एरंडी पाहाले नाही. चालू द्या.

मुनगा_प्रेमी
आमच्या भंडाऱ्याकडं मुनग्याच्या (शेवग्याच्या) झाडाला वेगळंच असते. खोडावर एका जागी शेकड्यानं केसाळ अळ्या बसतात दिवसभर, खोडच हलून राहिल्यासारखं दिसते, अन रात्री वर चढून पानं खातात. त्याचे केस उडून पण अंगाला लागतात, खालून गेलं तरी मान खाजते. ती पण हीच का? आमच्याकडं रात्री मशाल लावून जाळतात.

पाखरू_निरीक्षक
ती वेगळी, युप्टेरोटे, मुनग्याची केसाळ अळी. तिचे केस खाजवतात, ठणका एवढा नसतो. दिवसा खोडावर घोळक्यानं बसते हीच तिची सवय तिच्या मुळावर येते, दिवसाच सापडते सगळी. मशाल लावताना खोडाची साल भाजते अन झाड वाळते, त्यापेक्षा साबणाचं पाणी जोरात मारून खाली पाडा अन खालीच बुडवा. मारणारानं वाऱ्याच्या उलट उभं राहू नये, केस डोळ्यात जातात. जाळताना जो धूर निघतो त्यात पण केस उडतात.

दारव्ह्याचा_कास्तकार
सगळ्यायचे आभार. फवारा कॅन्सल केला, पऱ्हाटीवर तं मारतच नाही. आज एरंडी पाहिली, बुढा काकानं सांगितल्यावानी चार-पाच पानं कागद झालेली भेटली, खाली लहान लहान पिवळसर पिल्लं, पूर्ण भरलेली. तोडून टाकली बादलीत. मोठ्या पण काढल्या.
आता नवीन प्रश्न. आंब्याच्या खोडाले अन गोठ्याच्या मेढीले तपकिरी रंगाचे टणक गोळे चिकटलेले दिसले, बोराच्या बीएवढे, एकदम कडक, नखानं निघत नाही. हे हिचेच अंडे का? लहान भाच्चा खेळते गोठ्यात, तो खरडून राहिला होता, हाकलला त्याले.

पाखरू_निरीक्षक
बरं केलं हाकललं ते. अंडी नाहीत, कोश आहेत. अंडी पानाखाली असतात, चपटी, चकचकीत, एकावर एक रचलेली, सहज नजरेत पण येत नाहीत. हे जे कडक गोळे आहेत त्यात अळी आत बसून पतंग होते. तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. पण त्या गोळ्याच्या वरच्या जाळीत तिचे काटे अडकलेले असतात अन ते तेवढेच लागतात, म्हणून उघड्या हातानं खरडायचे नाहीत, नखानं तर नाहीच. जुन्या विळ्याच्या टोकानं किंवा पत्र्याच्या तुकड्यानं खरडून कागदावर पाडा अन साबणाच्या पाण्यात टाका.
पण त्याआधी एक एक नीट पाहा. वरचं गोल झाकण उघडून पडलं असेल, अगदी डब्याचं असते तसं कापलेलं, तर पतंग निघून गेला, तो गोळा काढून उपयोग नाही. अन बाजूला बारीक भोक दिसलं तर समजा आत बारक्या गांधीलमाशीनं अंडी घातली होती अन अळी तिच्या पिल्लांनी खाऊन टाकली. हे आपले दोस्त आहेत, पुढच्या अळ्यांना पण हेच शोधून मारतात. सरसकट फवारा मारला की अळीच्या आधी हे मरतात, मग पुढच्या साली अळी दुप्पट. पावशा पण खातो केसाळ-काटेरी अळ्या, बाकीची पाखरं ज्याला तोंड लावत नाहीत ते तो गिळतो.
पतंग बघायला मिळाला तर बघा एकदा, रात्री लाईटवर येतो, अंगणातल्या बल्बखाली. पंख पोपटी हिरवे, कडेला तपकिरी पट्टा, फार सुंदर दिसतो. त्याला हात लावला तरी चालते, तो काही खातच नाही, अळी असताना जे खाल्लं त्याच्यावरच जगतो थोडे दिवस अन अंडी घालून मरतो.

निंदणवाली_सुनबाई
मी बायांच्या बाजूनं लिहिते, कारण वर सगळ्यांनी अळीचं अन फवाऱ्याचं सांगितलं पण बाया वावरात कशा येतील ते कोणी सांगितलं नाही. आमच्या गावात पण अशीच गडबड झाली होती. बाया काही येड्या नाहीत, त्यांना दिवसाची रोजी बुडवायची हौस नसते, पण लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण देणार हे कोणी बोलत नाही म्हणून त्या घाबरतात. आधी ते बोला. आईचा हात दाखवा त्यांना, उतरला आहे हे डोळ्यानं पाहतील तेव्हा तो व्हिडिओ डोक्यातून जाईल.
वेचणीला आम्ही लुगड्यावरून पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतोच, तोच निंदणीला घालायचा, बटणं मनगटापर्यंत लावून, अन पदर डोक्यावरून मानेवर घट्ट. एरंडीच्या बाजूची तास घरच्या माणसानं निंदावी, मजूरनीला तिकडं लावायचं नाही, निदान ह्या महिन्यात. धुऱ्यावरचं गवत कापायचं असलं तर आधी काठीनं झोडून घ्यायचं, भारा छातीशी धरून उचलायचा नाही, दोरीनं ओढायचा. अन पाण्याच्या कॅनसोबत साबणाची वडी अन चिकटपट्टीचा रोल ठेवा झाडाखाली, सगळ्यांना दिसेल असा. दहा-वीस रुपयाची वस्तू आहे.

दारव्ह्याचा_कास्तकार
हे बेस्ट सांगितलं. एरंडीकडची तास मी अन लहाना भाऊ निंदतो उद्या. दवाखान्याचा खर्च माह्याकडं म्हणून आजच सांगतो बायायले, तसंही एवढा काही येत नाही पीएचसीत.

उमरखेड_बॉय
मी तो व्हिडिओ डिलीट केला ग्रुपवरून, पण तोपर्यंत मामाच्या गावच्या ग्रुपवर पोहोचला होता अन तिथून परत माह्याकडंच आला, आता त्यात अळी लागली की आंधळं होते असं पण जोडलं कोणीतरी

पीएचसीवाली_ताई
त्याच ग्रुपवर चिकटपट्टी, साबण, बर्फ अन १०८ एवढं चार ओळीत लिहून टाक. व्हिडिओपेक्षा लवकर फिरत नाही, पण फिरते.